नूरबाबांची ओ

“पल्याडचं कुत्रं आज भुंकलं नाही, बाबा. असं का?”

नूरबाबांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

“तुला रोज भुंकून पाहिजे का?”

“रोज भुंकतं. उजाडायला लागलं की भुंकतं. आज...”

“आज त्याची सुट्टी.”

आबा हसले. माझे वडील. ते खडकाला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून. मला हसू आलं नाही. मी पुन्हा कान दिला. पल्याडच्या वस्तीवरून काहीच येत नव्हतं. कुत्रं नाही, हंडा नाही, कुणाची हाक नाही.

निवळदरीच्या धरणाचं पाणी मोठं आहे. तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला भिंत. दरी इतकी खोल की ऊन पाण्यावर उशिरा येतं आणि लवकर निघून जातं. चैत्र सरत आला तरी आत जरा उतरलं की पिंढरीत कळ येते. अशा थंड पाण्यावर, उन्हाळा नुकता लागलेला असताना आणि वारा पडलेला असताना, पहाटेचा आवाज घरंगळत लांबवर जातो. पल्याड कुणी शिंकलं तरी अल्याड कळतं. नवा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, बोलणारा हाताच्या अंतरावर आहे. तो असतो निम्मं धरण लांब. माझा चुलतभाऊ सदा पहिल्या वर्षी काकांच्या बोलण्याच्या रोखानं सरळ वल्हं मारत गेला आणि बुडालेल्या झाडाच्या खुंटावर होडीसकट चढून बसला. काका हसत होते ते त्याला अगदी कानाशी ऐकू येत होतं. दिसत मात्र नव्हते.

म्हणून शांतता मला खटकते. मला बऱ्याच गोष्टी खटकतात. सदा मला दचकी म्हणतो.

“नळी काय म्हणते आज?” बाबांनी विचारलं.

नळी म्हणजे माझा तापमापक. मी मत्स्यशास्त्र शिकून आले तेव्हा कॉलेजातून एवढी एकच वस्तू माझ्या मालकीची होऊन आली. दोरीला बांधून सोडते, वर काढते, वाचते. बाबांना तिचं कौतुक आहे. या दिवसांत वरचं पाणी उन्हानं कोमटतं, खालचं थंडगारच राहतं, आणि दोघांच्या मधे एक सांधा होतो. मासा सांध्यावर राहतो. वर त्याला उकडतं, फार खाली त्याचा जीव गुदमरतो. सांधा किती खोल आहे ते कळलं की जाळ्याची दोरी तेवढी सोडायची. पूर्वी बाबा ते हातानं चाचपून ठरवायचे. आता मला विचारतात.

“अजून टाकली नाही,” मी म्हटलं.

“टाक. ती हुशार आहे. कुत्र्याची चौकशी करत नाही.”

आबा पुन्हा हसले.

नूरबाबा फकीर आहेत. काठाच्या या खडकावर पीराचं लहानसं ठाणं आहे, ते सांभाळतात. इथल्या पाण्यावर त्यांच्याइतकं जुनं माणूस नाही, आणि आम्हा भोयांच्या घरातली पोरं होडी शिकतात ती त्यांच्याच हाताखाली. शिकणं कधी संपलं हे त्यांची ओ सांगते. बाबा म्हणतात, आज एकटा जा. मग एकट्यानं आपल्या पाण्यावर जायचं. प्रत्येक घराचं पाणी वेगळं, ठरलेलं. तिथं जाळं उचलायचं आणि तिथूनच बाबांना हाक मारायची. खडकावरून बाबांची ओ आली की ते पाणी तुमचं. नाही आली, तर मुकाट परत यायचं. का नाही आली, हे ते सांगत नाहीत. आणि बाबांनी पाठवल्याशिवाय जो एकटा पाण्यावर जाईल, त्याला त्या साली ओ नाही.

मला त्यांनी एकदा पाठवलं, दुसऱ्यांदा पाठवलं, काल पुन्हा पाठवलं. मी जाळं नीट उचललं. मासा नीट आणला. हाक मारली. ओ आली नाही.

आबांचा खांदा गेल्या पावसाळ्यात निखळला तो धड बसला नाही. वल्हं मारणं त्यांचं संपलं. पाऊस तोंडावर आला की अंडी घालायला माशाला मोकळं सोडतात, जाळी बंद होतात. तोवर आमच्या घरात कुणाला ओ मिळाली नाही तर आमचं पाणी सदाकडं जाणार होतं. सदा वाईट नाही. सध्या तोच माझ्याबरोबर येतो. पण आबा रोज सकाळी खडकाला टेकून त्या पाण्याकडं बघत बसतात, आणि ते मला बघवत नाही.

मी कपात चहा गाळला. बाबांना दिला.

“बाबा, काल माझी हाक ऐकू आली होती?”

“आली.”

“मला तुमचा खोकला ऐकू आला. कपात चमचा फिरवलेला ऐकू आला.”

“साखर खाली बसते.”

“मग ओ का नाही दिलीत?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. हे विचारायचं नसतं.

बाबांनी फुंकर घातली. एक घोट घेतला...

“ती माझ्यासाठी नव्हती.”

“तुमचंच नाव घेऊन मारली होती.”

“नाव माझं होतं.”

मी गाळणी झटकली. मग राहवलं नाही.

“सदाला तुम्ही पहिल्याच हाकेला दिली.”

“त्यानं विचारलं, बाबा, भाकरी ठेवलीय का. मी ठेवली होती. म्हटलं, ओ.”

“म्हणजे मीही भाकरीचं विचारायचं?”

“तुला भूक लागते का पाण्यावर?”

“नाही. पाण्यावर माझ्या पोटात गोळा येतो.”

“मग खोटं कशाला बोलतेस.”

“आणि तो गोळा गेला, की मिळेल ओ?”

“गोळा कशाला जायला पाहिजे? तो काय माझ्या चहात पडलाय?”

आबा म्हणाले, “बाबा, पोरीला नीट सांगा तरी. तिला रात्रीची झोप नाही.”

“मला तरी कुठं आहे. खोकला झोपू देतो का?” आणि बाबा खोकले, बराच वेळ. मग कप खाली ठेवून उठले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला त्यांच्या दगडावर बसवलं. सपाट दगड आहे, पाण्याकडं तोंड करून. त्यावर दुसरं कुणी बसत नाही.

मी लगेच उठले.

“बस.”

“ही तुमची जागा आहे.”

“दगडाची आहे. बस.”

मी बसले. दगड गार होता.

“तुझं पाणी मी बघून येतो,” ते म्हणाले. “तिथून हाक मारीन. इथं ओ द्यायला कुणीतरी पाहिजे.”

“मी द्यायची?”

“वाटलं तर.”

बाबा कितीतरी दिवसांत पाण्यावर गेले नव्हते. त्यांची होडी केव्हाच कुजली. खडकाखाली त्यांचा तराफा होता, थर्माकोलचे ठोकळे दोरीनं आवळून वर ताडपत्री ताणलेला. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातात दोन फळकुटं. पोरं खेकड्यांसाठी काठाकाठानं नेतात तसला.

“आमची होडी न्या,” आबा म्हणाले.

“तुझी होडी माझं ऐकत नाही,” बाबा म्हणाले आणि गेले.

सरकत गेले. खडकाजवळ पाणी आरशासारखं होतं. फळकुटांचा चुबुक चुबुक आवाज थोडा वेळ आला. मग डोंगराच्या आडोशातून ते बाहेर गेले आणि आवाज तुटला.

हळूहळू कमी झाला नाही. तुटला.

“आबा, ऐकलंत?”

“काय?”

“काही नाही. तेच.”

मी नळी सोडायला म्हणून पाण्यात उतरले आणि घोट्यालाच कळ आली. काल इथं, काठाला, पाणी कोमट होतं. आबांनी काल इथं पाय सोडून चहा घेतला होता. मी नळी सोडली नाही, नुसती बुडवली आणि बाहेर काढली. जे थंड पाणी खाली, सांध्याच्याही खाली असायला हवं, ते वर काठाला आलं होतं.

दोन गोष्टी झाल्या. कुत्रं आणि पाणी.

मी उभी राहिले आणि वळून डोंगराकडं बघितलं. आमच्या पाठीशी घाटाची भिंत आहे. ती आडवी असल्यामुळं खडकावर पान हलत नाही. पण वर, कड्यावर, गवत पाण्याकडं वाकलेलं होतं. सगळं एका अंगाला, जसं कुणी विंचरून ठेवलंय.

रात्रीपासून वारा वाहत होता. आमच्या डोक्यावरून जात होता आणि पुढं पाण्यावर उतरत होता. त्यानं वरचं कोमट पाणी पल्याडला लोटलं होतं, म्हणून खालचं थंड पाणी आमच्या काठाला वर आलं होतं. मासासुद्धा पल्याडला गेला असणार. आणि कुत्रं भुंकत होतं. नेहमीसारखं भुंकत होतं. वारा ते परत नेत होता.

मग बाबांची हाक...

“आबा, बाबा हाक मारतील ती इथं येणार नाही.”

“का?”

“वारा इथून तिकडं आहे. आपण ओरडलो तर तिकडं जाईल. तिकडचं इकडं काही येणार नाही.”

आबा उठले. डाव्या हातानं डोळ्यांवर सावली धरली. लांब, आमच्या पाण्यावर, पांढऱ्या रेघा दिसत होत्या. लाटा फुटत होत्या. तराफा दिसत नव्हता.

“बाबा...” मी हाक मारली. “नूरबाबा...”

डोंगरानं तेवढी परत दिली.

पुन्हा मारली. थांबले. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. बाबा बुडाले, हे माझ्या मनात एकदम पूर्ण तयार होऊन आलं. मला सगळंच असं पूर्ण तयार होऊन येतं. एरवी मी त्याला बाजूला सारते, कारण बहुतेक वेळा ते खोटं असतं. त्या वेळी खरं का खोटं हे ठरवायला वेळ नव्हता. मी होडीकडं गेले.

“सदा येईपर्यंत थांब,” आबा म्हणाले.

सदा मासे घेऊन जीपच्या रस्त्यावर गेला होता. त्याची होडी डांबर लावून काठावर पालथी घातलेली होती.

“सदाला यायला ऊन वर येईल.”

“मोने. बाबांनी तुला पाठवलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“यंदाचं पाणी जाईल.”

“माहीत आहे, आबा.”

होडीची दोरी खुंटीला आवळून बांधली होती आणि गाठ ओली होऊन फुगली होती. मला ती सुटेना. नखं मोडायला लागली.

आबा खाली आले. डाव्या हातानं त्यांनी गाठीत अंगठा घातला, दातानं एक टोक ओढलं आणि गाठ सोडली. दोरी होडीत टाकली. होडीला पायानं लोटलं.

आडोशातून बाहेर गेले आणि वारा पाठीवर आदळला. होडी आपोआप पुढं पळायला लागली. जाताना सोपं होतं. परत येताना काय, तो विचार मी केला आणि मग तो करून झाला म्हणून ठेवून दिला.

आमच्या पाण्यात खुंट फार. दरी बुडाली तेव्हा झाडं तोडून नेली, बुडखे तसेच राहिले. पावसाळ्यात ते खोल असतात. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि ते वर वर येतात, काही दिसतात, काही वीतभर पाण्याखाली राहतात. शांत पाण्यात त्यांच्याभोवती बारीक सुरकुती दिसते, त्यावरून ओळखायचे. त्या दिवशी सगळ्या पाण्यालाच सुरकुत्या होत्या.

होडीच्या नाकाजवळून काळं काहीतरी फडफडत उठलं. मी वल्हं सोडलं. पाणकावळा होता. वल्हं होडीला दोरीनं बांधलेलं होतं म्हणून वाचलं. मी ते पुन्हा हातात घेतलं. पाणकावळा जिथून उठला तिथं एक खुंट होता, जेमतेम पाण्याच्या वर. मी त्याला वळसा घातला.

“बाबा...”

काही नाही. लाट होडीच्या कडेवर आपटत होती.

एक पांढरा ठोकळा पाण्यावरून उड्या मारत चालला होता. थर्माकोलचा. त्याला तुटक्या दोरीचं टोक होतं.

पोटात गोळा आला. नेहमीचाच. मी त्याच्यासकट वल्हं मारत राहिले.

“बाबा, मी येतेय...”

वारा माझ्या तोंडातून हाक काढून पुढं घेऊन जात होता. ती पोचत असणार, एवढं मला ठाऊक होतं. परत काही येणार नाही, हेही ठाऊक होतं. तरी दर हाकेनंतर मी थांबून ऐकत होते.

“तराफा सोडू नका... खुंट धरा...”

घसा बसला. आता मला हाकेत काय म्हणावं तेही सुचत नव्हतं.

“बाबा, खोकला कसा आहे...”

हे मी का विचारलं, ठाऊक नाही. मी डाव्या बाजूला मोठ्या खुंटांच्या जाळीकडं वळले. आमच्या पाण्यात तेवढाच एक आडोसा आहे. आबा वाऱ्याच्या दिवशी तिथं थांबायचे. जवळ गेले तसा लाटांचा आवाज बसला. पाण्याचा वास बदलला, कुजक्या लाकडाचा आला.

आधी खोकला ऐकू आला.

मग ते दिसले. सर्वांत जाड खुंटाला त्यांनी आपला हिरवा रुमाल बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक मनगटाला. तराफा निम्माच उरला होता. ताडपत्री नव्हती. बाबा कमरेपर्यंत भिजलेले होते, ओठ निळे पडले होते, आणि मांडी मात्र तशीच घातलेली होती, जशी खडकावर घालतात.

मला रडू फुटलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा तेवढंच आलं.

“बाबा...”

“ओ,” नूरबाबा म्हणाले. “मघापासून देतोय. तो खुंट डावीकडं ठेव आणि ये.”